कागदावर नसलेली खोली

४ फेब्रुवारी

आला! कंपनीचा माणूस आज अखेर आला. पस्तिशीचा असेल. पायात नवे कोरे सेफ्टी बूट, गळ्यात ओळखपत्र, हातात स्टॉपवॉच. पाऊल ठेवल्या ठेवल्या म्हणाला, "मॅडम, मी शिकवायला आलोय असं समजू नका हं. आपण एकमेकांकडून शिकायचं." म्हटलं, बरं. मग दिवसभर तोच बोलत होता!

साच्यांच्या प्रेसवर काम करणाऱ्या काकांनी दुपारच्या आत त्याचं बारसं उरकलं — गुरुजी.

तर गुरुजींचं काम असं. त्यांच्या कंपनीच्या पंपात बसणाऱ्या रबरी रिंगा आपण आपल्या कारखान्यात कशा बनवतो ते पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचं आणि कागदावर उतरवायचं. त्या कागदाला म्हणायचं प्रोसेस शीट. तिच्यावर कंपनीचा शिक्का बसला की संपलं. शीटमध्ये आहे ते चुकवायचं नाही, शीटमध्ये नाही ते करायचं नाही.

लेक खूश. "आई, सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यात आहे. उद्या तू आजारी पडलीस तर?" म्हटलं, नाही पडत.

सगळं लिहून द्यायचं म्हणे. माझा नवरा ज्याच्यापायी झिजला ते ह्या माणसाला चहाबरोबर बशीत घालून द्यायचं!

५ फेब्रुवारी

मागच्या खोलीला कुलूप लावलं.

७ फेब्रुवारी

इथे तरी खरं लिहावं. इथे कोण येतंय वाचायला.

रोलवर मिसळलेलं रबर गरम असतं. बाकीचे लोक ते तसंच कापून साच्यात घालतात. आपण नाही घालत. आपण त्याचे पट्टे कापतो, मागच्या अंधाऱ्या खोलीत एकमेकांना न चिकटवता पसरतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मुरू देतो. मग पुन्हा एकदा रोलमधून काढायचं आणि मग प्रेसला. बस, एवढंच! बघणाऱ्याला वाटावं, आळशी लोक, माल पडून आहे. पण हे केलं नाही तर रिंग साच्यातून निघते काळीभोर, चकचकीत, आणि गरम पाण्यात काही दिवस राहिली की आक्रसते नि चिरते.

हे ह्यांनी शोधून काढलं. भावोजी भांडून वेगळे झाले त्याच वर्षी. सख्खा धाकटा भाऊ सगळं अर्धवट टाकून निघून गेला, हे एकटे पडले, आणि तरी शोधून काढलं. मला म्हणाले होते, "हे आपल्या दोघांत. बाहेर कुणाला कळता कामा नये." हे गेले. आता ते माझ्या एकटीत आहे. म्हणजे काका, लेक आणि आपले जुने कामगार धरून.

भावोजींची शेड मागच्या गल्लीत. खुर्च्यांच्या पायांना घालायच्या टोप्या बनवतात. तिथे कसलं मुरणं नि कसलं काय! रस्त्यात दिसले तर मान हलवतात. मीही हलवते. त्यापुढे गाडी जात नाही.

गुरुजींनी विचारलंच, "मॅडम, ह्या खोलीत काय?" म्हटलं, भंगार. लेक शेजारी उभी होती. तिच्याकडे बघून पुन्हा विचारलं. तीही म्हणाली, भंगार. पण कानाच्या पाळ्या लाल! ह्या पोरीला खोटं बोलता येत नाही, बापावर गेलीय.

१२ फेब्रुवारी

आज नाटक पार पडलं. गुरुजींना एकच लॉट धरून त्याच्यामागे फिरायचं होतं. फिरा! तो लॉट रोलवरून थेट प्रेसला. काका माझ्याकडे बघतात, मी छताकडे. रिंगा चकचकीत. गुरुजींनी त्यातल्या काही तपासणीला म्हणून डब्यात भरल्या. ते हात धुवायला गेले तेव्हा मी डबा बदलला. आपल्या मुरलेल्या रबराच्या रिंगा त्यांच्या पिशवीत, त्यांचा अख्खा लॉट भंगारात.

लबाडीच ही. पण केलं. वाईट वाटून घ्यायला फुरसत नाही.

१८ फेब्रुवारी

एक गोष्ट मान्य करायला हवी, आणि करताना दात दुखतात. काका गेली कितीतरी वर्षं जड साचे उचलून ह्या टोकाकडून त्या टोकाला नेत. गुरुजींनी कोपऱ्यातल्या भंगार लोखंडाची एक गाडी करवून घेतली, प्रेसच्या उंचीची. साचा सरकवायचा, उचलायचा नाही. काकांची कंबर आज पहिल्यांदा गप्प आहे. काका म्हणतात, "माणूस वाईट नाही हो बाई."

वाईट नाही ना. मग मला का असं वाटतं की कुणी घरात शिरून कपाटं उघडून बघतंय?

२३ फेब्रुवारी

रिंगा तपासणीत पास. का नाही होणार!

शीट तयार. खाली ओळ: ही माहिती संपूर्ण आणि खरी आहे. त्याखाली क्वालिटीच्या माणसाची सही. आपल्याकडे क्वालिटीचं माणूस म्हणजे लेक. पेन हातात घेऊन बसून राहिली.

"आई, ह्याच्याखाली माझं नाव आहे."

"तुझ्या बापाचं नाव त्याच्या आधीपासून आहे. कर."

केली. संध्याकाळी जेवायला बसली नाही. भूक नाही म्हणे. बरं.

९ मार्च

मेला तो कंपनीचा खरेदीवाला! फोनवर काय गोड बोलतो! "मॅडम, एकाच सप्लायरवर अवलंबून राहणं आमच्या धोरणात बसत नाही. दुसरा तयार करतोय. तुमची शीट इतकी उत्तम आहे की तीच त्यांना दिलीय." कुणाला दिली? विचारलं तर म्हणतो, तुमच्याच घरातले आहेत, तुम्हाला आनंदच होईल.

भावोजींना! अर्धी ऑर्डर भावोजींना! आणि माझीच शीट हातात देऊन!

गुरुजींना फोन लावला. म्हटलं, एकमेकांकडून शिकायचं म्हणजे हे का? तो चाचरला. "मॅडम, निर्णय वरून झाला. मला वाटलं, तुम्हाला विचारून..." म्हटलं, तुम्हाला वाटायचे पैसे मिळत नाहीत, लिहायचे मिळतात. ठेवून दिला.

मग खुर्चीत बसले आणि हसूच आलं. एकटीच हसत बसले. घ्या भावोजी, घ्या शीट. फ्रेम करून लावा.

२५ मार्च

भावोजींचा पहिला लॉट गेला! तपासणीत सगळ्या रिंगा चिरल्या. काकांनी बातमी आणली. मी लगेच सगळ्यांना चहा सांगितला. कारण नाही सांगितलं. सगळ्यांना कळलं.

२ एप्रिल

दुसराही गेला.

गुरुजी आज इथे येऊन डोकं धरून बसले होते. "त्यांना विचारलं, काय चुकतंय असं तुम्हाला वाटतं. तर एवढंच म्हणतात, शीटप्रमाणे केलं. पुढे तोंडच उघडत नाहीत." मठ्ठ! भाऊ एवढा हुशार, आणि हा माणूस कायम असाच. हे म्हणायचे, त्याला बोलायला लावायचं म्हणजे दगडातून पाणी काढायचं.

दुकानात जाऊबाई भेटल्या. डोळे सुजलेले. माझ्याकडे सरळ बघून म्हणाल्या, "तुमचं बरं चाललंय ना, ताई?" म्हटलं, मस्त.

मला वाईट वाटलं नाही. मुद्दाम लिहून ठेवते.

८ एप्रिल

पकडले गेले.

गुरुजी न सांगता आले. एकाच शीटवर एक पास, एक नापास, म्हणून त्यांना पुन्हा आमच्याकडे बघायचं होतं. मी बँकेत. मागच्या खोलीचं दार सताड उघडं. परत येते तर गुरुजी पट्ट्यांच्या मध्ये उभे!

"मॅडम, हे भंगार?"

काय बोलू? तोंडाला आलं ते बोलले. "ती आपली जुनी खोड आहे हो. प्रेस मोकळी नसली की टाकून ठेवतो. काही अर्थ नाही त्याला."

ह्यांनी जिवाचं रान करून शोधलेली गोष्ट. तिला मी माझ्या तोंडाने म्हटलं — काही अर्थ नाही!

"अर्थ नाही ना? मग बंद करा," म्हणाले. शीटमध्ये नाही ते करायचं नाही. आता प्रत्येक पट्ट्यावर खडूने वेळ लिहायची, त्याच दिवशी प्रेसला लावायचा. आणि हे होतंय की नाही बघायला कंपनीचा एक माणूस आमच्याकडे बसणार. खोली रिकामी करून घेतली. जाताना म्हणाले, "उलट जागा मोकळी झाली तुमची."

९ एप्रिल

असं करून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारी माझ्यासारखी मीच.

२१ एप्रिल

आमचा लॉट नापास. ह्या कारखान्याचा! ह्यांच्या मागे एकदाही असं झालं नव्हतं.

गुरुजी खरोखर चक्रावलेत. "मॅडम, त्या पट्ट्यांचा काही संबंध नसेल ना?" केवढं दार उघडून दिलं होतं त्याने! आणि मी आत पाऊल टाकू शकत नाही. कारण लगेच तोच म्हणाला, "पण कसा असेल? फेब्रुवारीतला लॉट तर माझ्यासमोर थेट प्रेसला गेला, आणि उत्तम पास झाला." म्हटलं, तेच तर.

तेच तर! मी बदललेला डबा माझ्याच मानगुटीवर बसलाय.

संध्याकाळी लेकीशी जुंपली.

"जाऊन सांगून टाक आई."

"सांगितलं तर तुझी सही खोटी ठरते. कंपनी आपल्याला काळ्या यादीत टाकील. माझं गेलं तर गेलं. तुला पुढे कोण दारात उभं करील?"

"हे सही करायला लावायच्या आधी नाही सुचलं तुला?"

सुचलं होतं. मी उठून कुलूप लावायला गेले.

२४ एप्रिल

कंपनीचं पत्र, दोन्ही सप्लायरना एकच. पुढचा लॉट नापास झाला तर रिंगा बाहेरून मागवणार. म्हणजे आम्ही बंद. आम्ही रिंगांखेरीज काही बनवतच नाही. भावोजी आपल्या टोप्यांकडे परत जातील, आम्ही कुठे जायचं?

विचार करून डोकं भणभणलं. मुरवणं शीटमध्ये यायला हवं. पण मी ते सुचवू शकत नाही. आधी भंगार म्हटलं, मग खोड म्हटली, आता सुधारणा म्हटलं तर एका खोलीच्या तीन गोष्टी झाल्या. लहान मूलसुद्धा विचारील.

दुसऱ्या कुणी सुचवायला हवं. आणि दुसरा सप्लायर जगात एकच आहे.

नाही. मरेन पण जाणार नाही.

२७ एप्रिल

गेले.

मागची गल्ली पुढच्या जन्मात असल्यासारखी लांब वाटली. भावोजी रोलवर होते. मला बघून रोल बंद केला. हात पुसत बसले, पुसतच बसले. जाऊबाईंनी पाणी आणून ठेवलं, ठक्कन.

मी सगळं सांगितलं. पट्टे कसे कापायचे, कसे पसरायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा रोल. तोंडी सांगून ह्या माणसाला काय कळणार म्हणून त्यांचा हात धरून पट्ट्याची जाडी दाखवली. "एवढी, भावोजी. ह्याहून जाड नको." ते म्हणाले, "हं." एक प्रश्न नाही. आश्चर्य नाही, राग नाही. एखादा म्हणाला असता, वहिनी, माझे दोन लॉट बुडाले तेव्हा कुठे होता? तेही नाही.

म्हटलं, हे ह्यांनी काढलंय, तुमच्या दादांनी. आता तुमच्या नावावर जाईल, पण लक्षात असू द्या.

खाली बघत म्हणाले, "हो, वहिनी."

"आणि माझं नाव कुठे यायला नको. उन्हाळा आहे, रबर गरम राहतं, म्हणून तुम्हाला सुचलं असं सांगा."

"नाही येणार."

जाऊबाई दारात उभ्या होत्या. एकदम वळून आत गेल्या आणि भांडी आपटायला लागल्या. आपटा! माझ्या घरातलं सोनं तुमच्या पदरात टाकून निघाले, वर भांडी आपटून घ्या!

८ मे

पास. पहिल्या फटक्यात! मला वाटलं होतं, निदान दोनदा तरी चुकतील. कुणी सांगितल्यावर काय, कुणालाही जमेल.

गुरुजींना आनंद मावत नाही. फोनवर म्हणाले, "मॅडम, सोपी गोष्ट होती हो! फेब्रुवारीत थंडी होती म्हणून चाललं, उन्हाळ्यात रबराला विसावा हवा होता. आणि गंमत बघा, तुमच्याकडे तीच खोड होती आणि आपण बंद केली!" हसले. मीही हसले. हसावं लागतं.

शीट बदलली. दोघांनाही लागू.

१६ मे

सप्लायरांची सभा. गार हॉल, मऊ खुर्च्या. भावोजींना स्टेजवर बोलावलं. उत्कृष्ट सुधारणेची ढाल! शर्टाचं वरचं बटण लावलेलं, मान अवघडलेली. दोन शब्द बोला म्हणाले, तर माइकमध्ये फक्त श्वास ऐकू आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. किती साधा माणूस, म्हणाले माझ्या शेजारचे.

मीही वाजवल्या. तळवे झोंबेपर्यंत.

लेक कानाशी म्हणाली, "आई, आपली ऑर्डर वाचली. झालं ना?" हो, झालं. तिची सहीही वाचली. सगळं वाचलं. मग माझ्याच घशाखाली घास का उतरत नाही?

१९ मे

आज कडेलोट. गुरुजी भावोजींना घेऊन आले, आम्हाला मुरवणं शिकवायला! आमच्याच मागच्या खोलीत! काका, सगळे कामगार, मी, लेक — ओळीने उभे. भावोजी जमिनीकडे बघत पुटपुटत होते. पट्टे असे ठेवा... असे नको... गुरुजी मध्येमध्ये, "सगळ्यांना समजलं ना?" काकांना खोकल्याची उबळ आली ती बाहेर जाईपर्यंत थांबली नाही.

शेवटी गुरुजींनी मला पट्टा पसरायला लावला. मी पसरला. "छान! मॅडम लवकर शिकतात." त्या वेळी भावोजींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. लाज वाटली असेल. वाटायलाच हवी.

ह्यांनी मागे काय ठेवलं? घर त्यांच्या वडिलांचं. मशिनी जुन्या, कर्जाच्या. स्वतःची अशी ही एकच गोष्ट होती. तीही आज दुसऱ्याच्या नावावर झाली, आणि ती मी केली.

२२ मे

मनातून जात नाही. उद्या जाऊबाईंकडे जाणार. ढाल त्यांच्या कपाटात राहू दे, माझं काही म्हणणं नाही. पण निदान त्या घरात तरी ह्यांचं नाव निघायला हवं. एवढं तरी बोलायचा मला हक्क आहे.

२३ मे

बोलले. जाऊबाईंनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही.

"पुरे करा ताई. ती युक्ती आमच्या ह्यांची आहे. तुमच्याकडे होते तेव्हा काढलेली. तुमच्या ह्यांनी हसून उडवली — रबर झोपवून ठेवायला ही काय धर्मशाळा आहे? त्यावरूनच भांडण झालं, त्यावरूनच आम्ही निघालो. आणि मागनं तुमच्याकडे तेच सुरू झालं."

म्हटलं, खोटं. ठाऊक होतं तर दोन लॉट का घालवले?

"शीटमध्ये ते नव्हतं म्हणून! मी म्हटलं ह्यांना, सांगा कंपनीला. तर म्हणाले, वहिनींनी लपवलंय. मी बोललो की त्या उघड्या पडतील. आणि खाली पोरीची सही आहे."

आतला रोल बंद झाला. भावोजी दारात आले. बायकोला म्हणाले, "कशाला सांगितलंस?" मग माझ्याकडे बघून — "बसा वहिनी. चहा घेऊन जा."

बसले.